नाम आणि नामी : कलकत्त्यातील ख्रिस्ती ईश्वरविचाराचे एक शतक

बायबलच्या भारतीय भाषांतरांचा इतिहास आपल्याकडे बहुधा मुद्रणाच्या आणि गद्याच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून लिहिला जातो. श्रीरामपूरच्या छापखान्याने कोणत्या लिपींचे खिळे ओतले, कोणती व्याकरणे आणि कोणते कोश प्रसिद्ध केले, याची नोंद होते. मराठी वाङ्मयेतिहासातही विल्यम केरीचे १८०५ चे मराठी व्याकरण आणि १८१० चा मोडी लिपीतील कोश यांचा उल्लेख याच अंगाने येतो. ही नोंद यथार्थ आहे, परंतु ती अपुरी आहे. ज्या प्रश्नाने या भाषांतरकारांना आणि त्यांच्या भारतीय वाचकांना खरोखर अस्वस्थ केले, तो प्रश्न गद्यशैलीचा नव्हता. ज्या परमतत्त्वाविषयी हा ग्रंथ बोलतो, त्याला आपल्या भाषेत कोणत्या नावाने हाक मारावयाची, हा तो प्रश्न होता. हा केवळ परिभाषेचा प्रश्न आहे असे मानणे म्हणजे त्याचे मर्मच हरवून बसणे होय. एकोणिसाव्या शतकातील कलकत्त्यात या प्रश्नावरून पंथ फुटले, मित्र दुरावले आणि माणसांच्या आयुष्याच्या दिशा बदलल्या. त्या वादात एका मराठी पंडिताचा आणि एका मराठी विदुषीचा वाटा मोठा आहे. मराठी समीक्षेने त्याकडे द्यावे तितके लक्ष दिलेले नाही, म्हणून हा प्रपंच.

१

ख्रिस्ती परंपरेला हा प्रश्न भारतात आल्यावर प्रथम पडला असे नाही. तिने तो आपल्याबरोबरच आणला होता. हिब्रू धर्मग्रंथात देवाचे विशेषनाम चार व्यंजनांनी लिहिलेले असते. पण धर्मनिष्ठ यहुदी त्याचा उच्चार करीत नाहीत, त्या ठिकाणी ‘प्रभू’ या अर्थाचा शब्द वाचतात. ग्रीक भाषांतरकारांनी हाच परिपाठ उचलला आणि पुढे लॅटिनमध्येही तोच रूढ झाला. म्हणजे ज्या नावाचे भाषांतर करावयाचे, ते नाव मुळातच मौनाने वेढलेले होते. ‘निर्गम’ या ग्रंथात मोशे देवाला त्याचे नाव विचारतो, तेव्हा मिळालेले उत्तर एखाद्या नावासारखे नसून केवळ ‘असणे’ सांगणारे आहे. मध्ययुगातील थोर तत्त्वज्ञ टॉमस अक्वायनस याने याच उत्तराच्या आधारे ‘जो आहे तो’ हेच देवाचे सर्वाधिक समर्पक नाव ठरविले. पुढील विवेचनात हा मुद्दा महत्त्वाचा ठरणार आहे.

यावर ख्रिस्ती श्रद्धेने आणखी एक भार टाकला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघे असून देव एकच, असा तिचा सिद्धान्त आहे. त्यामुळे भाषांतरकाराला दोन प्रकारची नावे सांभाळावी लागतात. एक देवाचे स्वरूप सांगणारे आणि दुसरे त्याच्या अंतर्गत नात्यांचे. पहिल्या प्रकारासाठी तत्त्वज्ञानाची भाषा जवळची, तर दुसऱ्यासाठी घराची.

इतर देशांतही हीच अडचण आली होती. जपानमध्ये फ्रान्सिस झेवियरने आरंभी ‘दाइनिची’ हे बौद्ध नाव वापरले. ते महावैरोचन बुद्धाचे नाव आहे हे ध्यानात आल्यावर त्याने ते टाकून लॅटिन ‘देउस’ हाच शब्द पत्करला. चीनमधील नामवाद तर इतका विकोपाला गेला की अखेर रोमला निर्णय द्यावा लागला. नाव उसने घ्यावे तर त्याच्याबरोबर जुना अर्थ येतो, आणि परके ठेवावे तर देवच परका राहतो. हा पेच कलकत्त्यात भारतीय रूपात उभा राहिला.

२

कलकत्त्याचे वैशिष्ट्य असे की येथे भाषांतर, अध्यापन आणि मुद्रण ही तिन्ही कामे काही मैलांच्या अंतरात एकवटली होती. १८०० मध्ये कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन झाले आणि त्याच वर्षी केरी डेन्मार्कच्या ताब्यातील श्रीरामपुरास येऊन राहिला. १८०१ मध्ये बंगाली नवा करार बाहेर पडला. १८११ मध्ये मराठी नवा करार. मराठीच्या कामात केरीचा आधार होता तो कॉलेजातील पंडित वैजनाथ शर्मा यांचा. ‘सिंहासन बत्तिशी’, ‘पंचतंत्र’ आणि ‘हितोपदेश’ यांच्या मराठी आवृत्त्यांमुळे वैजनाथ आपल्या परिचयाचे आहेत. पंडिताच्या भाषेतून मिशनऱ्याने शब्द निवडावयाचे, अशी ही व्यवस्था होती. आणि पंडिताची भाषा ही दर्शनांनी घडविलेली होती.

उपलब्ध शब्दांपैकी प्रत्येकात काही ना काही उणे निघत होते. ‘देव’ हा शब्द सर्वांच्या तोंडी असलेला, परंतु त्याचे अनेकवचन सहज होते. तेहतीस कोटींची आठवण त्याला चिकटलेली. ‘ईश्वर’ हा अधिक भारदस्त. केरीच्या बंगाली भाषांतरात हाच आला. पण वेदान्ताच्या दृष्टीने ईश्वर हे अंतिम तत्त्व नव्हेच. मायोपाधीने युक्त असे ते ब्रह्माचे रूप. ‘ब्रह्म’ हे अंतिम खरे, परंतु ते नपुंसकलिंगी. त्याचे चिंतन होते, त्याला हाक मारता येत नाही. ‘आत्मा’ हा शब्द तर ‘पवित्र’ या विशेषणाने मर्यादित करूनही ‘अहं ब्रह्मास्मि’च्या परिसरातून पुरता बाहेर येत नाही. निरनिराळ्या भाषांनी पुढे निरनिराळ्या तडजोडी केल्या. हिब्रू विशेषनामासाठी बंगाली बायबलात ‘सदाप्रभु’ रूढ झाले, हिंदीत ‘यहोवा’ हे मूळ नावच राहिले, आणि मराठीने ‘परमेश्वर’ स्वीकारला. १८२८ मध्ये बिशप्स कॉलेजचे प्राचार्य विल्यम हॉज मिल यांनी सर्व भारतीय भाषांसाठी एकरूप धार्मिक परिभाषा सुचविणारा प्रबंध प्रसिद्ध केला आणि संस्कृतज्ञ होरेस विल्सन यांनी त्यावर आपली मते दिली. एकरूपता काही आली नाही. प्रत्येक भाषेच्या दैवतविषयक जाणिवा निराळ्या होत्या, हे त्याचे कारण.

३

या वादाला पहिले तीव्र वळण दिले ते राममोहन राय यांनी. १८२० मध्ये त्यांनी येशूच्या उपदेशांचे एक संकलन प्रसिद्ध केले. त्यात नीतिवचने होती; चमत्कार आणि सिद्धान्त गाळलेले होते. श्रीरामपूरच्या जोशुआ मार्शमनने त्यावर आक्षेप घेतला. १८२३ पर्यंत राममोहन यांनी एकामागून एक अशी तीन निवेदने लिहून उत्तर दिले. त्यांपैकी शेवटचे छापावयास बॅप्टिस्ट मिशनच्या छापखान्याने नकार दिला, तेव्हा त्यांना मुद्रणाची निराळी सोय करावी लागली. देव एक आहे, हे आपण ख्रिस्ती धर्मग्रंथातूनच सिद्ध करतो, आणि त्रित्वाची कल्पना अनेकदेवतावादाहून तत्त्वतः भिन्न नाही, असा त्यांचा रोख होता. मूर्तिपूजेच्या विरोधात जे शस्त्र मिशनरी वापरीत, तेच त्यांच्यावर उलटले होते.

याच काळातील एक प्रसंग भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. राममोहन राय, विल्यम येट्स आणि विल्यम अ‍ॅडम हे तिघे मिळून शुभवर्तमानांचे बंगाली भाषांतर करीत होते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी, सर्व काही शब्दाच्या योगे झाले अशा अर्थाचे वाक्य आहे. त्यातील एका ग्रीक शब्दयोगी अव्ययावर त्यांचे काम अडले. मराठीत बोलावयाचे तर प्रश्न असा, की ‘त्याने’ म्हणावयाचे की ‘त्याच्या द्वारे’? तृतीयेतील कर्ता आणि करण यांचा हा भेद. पहिला अर्थ घेतला तर पुत्र स्वतःच स्रष्टा ठरतो. दुसरा घेतला तर तो स्रष्ट्याचे साधन ठरू शकतो. येट्स दूर झाले. अ‍ॅडम राममोहन यांच्या बाजूस वळले आणि १८२१ मध्ये त्यांनी त्रित्व नाकारणारे एकेश्वरमत उघडपणे पत्करले. ‘पतन पावलेला दुसरा आदाम’ अशी त्यांची थट्टा झाली. राममोहनांचे परिवर्तन करण्यास निघालेला मिशनरी एका अव्ययाच्या वाटेने त्यांच्याकडे गेला, ही घटना व्याकरण आणि श्रद्धा यांचे नाते किती निकट असते हे दाखवून देते.

४

आता आपण नीलकंठशास्त्री गोरे यांच्याकडे वळू. १८२५ मध्ये झाशीजवळ जन्मलेले आणि काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित आरंभी ख्रिस्ती मताचे प्रखर विरोधक होते. जॉन म्यूर याच्या ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथाला उत्तर म्हणून त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ संस्कृतातच रचला. पुढे १८४८ मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. १८६० मध्ये त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ कलकत्त्यात प्रसिद्ध झाला. फिट्झएडवर्ड हॉलने केलेले त्याचे इंग्रजी रूपांतर १८६२ मध्ये तेथूनच निघाले.

या ग्रंथातील वेदान्तखंडनाचा गाभा एका शब्दावर उभा आहे, आणि तो शब्द म्हणजे ‘चित्’. वेदान्ती ब्रह्माला ज्ञानस्वरूप म्हणतात. परंतु त्या ज्ञानाला विषय नाही. ज्यात जाणणारा नाही आणि जाणले जाणारे काही नाही, ते ज्ञान नावापुरतेच ज्ञान, असे गोरे विचारपूर्वक दाखवितात. तीच गोष्ट ‘आनंदा’ची. ज्याला आनंदाची जाणीव नाही, त्याला आनंद म्हणून काय साधले? सारांश, ब्रह्माला दिलेली गौरवाची विशेषणे उचलली तर खाली जे उरते ते अचेतनाहून वेगळे दाखविता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. जो निर्गुण, तो स्रष्टा नव्हे. जो स्रष्टा नव्हे, त्याच्यापुढे पापाची कबुली देता येत नाही आणि त्याची क्षमाही मागता येत नाही.

हा आक्षेप बाहेरून आलेला नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. तो न्यायशास्त्राच्या सरावातून आलेला आहे. विषयावाचून ज्ञान संभवते का, हा आपल्या दर्शनांतील जुना वाद. गोरे यांनी तो नव्या श्रद्धेच्या कामी लावला. त्यांच्या मते शब्द हा रिकामे भांडे नव्हे, की एक द्रव ओतून टाकावा आणि दुसरा भरावा. त्याला शास्त्रात एक नेमका अर्थ असतो, आणि तो शब्द घेणाऱ्याने त्या अर्थाची किंमत चुकविली पाहिजे. १८७५ मध्ये मुंबई-पुण्याच्या ब्राह्म मताच्या मंडळींपुढे बोलतानाही त्यांनी हेच सूत्र धरले. तुम्ही ज्या प्रेमळ, न्यायी, स्रष्ट्या देवाची प्रार्थना करता, तो उपनिषदांतून आलेला नाही. तो तुम्ही ख्रिस्ती धर्मातून घेतला आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

५

कलकत्त्याने मात्र नेमके उलट पाऊल उचलले. १८८२ मध्ये त्रित्वाच्या रहस्यावर व्याख्यान देताना केशवचंद्र सेन यांनी ‘सत्, चित्, आनंद’ या त्रयीची सांगड पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्याशी घातली. त्यांनी एका त्रिकोणाची कल्पना मांडली. शिरोबिंदूवर परब्रह्म, तेथून पुत्र मानवतेच्या पायापर्यंत उतरतो आणि आत्मा त्या मानवतेला पुन्हा वर नेतो. राममोहन यांना जे त्रित्व एकेश्वरवादाचा भंग वाटले, तेच त्यांच्या परंपरेतील एका थोर वारसाला उपनिषदांच्या भाषेत ओळखीचे वाटू लागले. केशवचंद्रांची ही मांडणी वक्त्याची आहे, शास्त्रकाराची नाही. एकाच देवाच्या तीन अवस्था आणि एकाच देवातील तीन व्यक्ती यांतील भेद तिच्यात स्पष्ट होत नाही. पण शब्द सापडला होता.

या दोन प्रवृत्तींचा संघर्ष एकाच आयुष्यात पाहावयाचा असेल तर पंडिता रमाबाईंकडे पाहावे. १८७८ मध्ये त्या बंधूसह कलकत्त्यास आल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तेथेच त्या प्रथम एका ख्रिस्ती मेळाव्यास गेल्या. माणसे खुर्च्यांपुढे गुडघे टेकून डोळे मिटतात हे पाहून हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात की काय, असे त्यांना वाटले, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. तेथेच त्यांना संस्कृत बायबल मिळाले, आणि केशवचंद्रांनी त्यांच्या हाती वेद दिला. काही वर्षांनी, ब्राह्म मताला आपल्या शास्त्रांचा आधार नसून ते ख्रिस्ती धर्माचेच रूप आहे, हे आपल्याला गोरे यांच्यामुळे पटले, असे त्यांनी नमूद केले. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तथापि येथे गोष्ट संपत नाही. बाप्तिस्म्यानंतर इंग्लंडमधील आपल्या गुरुभगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्रित्व आणि ख्रिस्ताचे देवत्व यांविषयी त्यांनी निर्भय प्रश्न विचारले आहेत. क्रुसावरील लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत अक्षरे का असू नयेत, असाही त्यांचा आग्रह दिसतो. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. गोरे यांचा तर्क मान्य करूनही आपली भाषा सोडावयास रमाबाई तयार नव्हत्या. देव कोण हे त्या गोरे यांच्याकडून शिकल्या. पण त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलावयाचे, हे त्यांनी दुसऱ्या कोणास ठरवू दिले नाही.

६

गोरे १८९५ मध्ये वारले. त्यानंतर तीन वर्षांनी, १८९८ मध्ये, ब्रह्मबांधव उपाध्याय यांचे ‘वन्दे सच्चिदानन्दम्’ हे संस्कृत स्तोत्र ‘सोफिया’ या त्यांच्याच पत्रात प्रसिद्ध झाले. भवानीचरण बंदोपाध्याय हे त्यांचे मूळ नाव. ते केशवचंद्रांच्या प्रभावळीतून आलेले. १८९१ मध्ये कॅथलिक झालेले. आरंभी त्यांनीही अद्वैतावर टीकाच केली. पुढे अक्वायनसच्या अभ्यासातून त्यांना निराळी वाट दिसली. देव म्हणजे शुद्ध ‘असणे’, हा मोशेला मिळालेल्या उत्तरावर उभारलेला सिद्धान्त आणि उपनिषदांतील ‘सत्’ यांत त्यांना मूलभूत विरोध दिसेना.

गोरे यांच्या आक्षेपाला त्यांचे उत्तर कोणते, हे स्तोत्रामागील तत्त्वज्ञानावरून जुळविता येते. विषयावाचून ज्ञान नाही, हे खरे. पण देवाच्या ज्ञानाला बाहेरच्या विषयाची गरज का असावी? तो स्वतःलाच जाणतो. त्या स्वज्ञानातून जो शब्द जन्मतो, तो पुत्र. आणि जाणणारा व जाणलेला यांच्या ऐक्यातील जो आनंद, तो पवित्र आत्मा. निर्गुण याचा अर्थ गुणशून्य नव्हे, तर ज्याला जगाशी नाते ठेवण्याची कोणतीही आवश्यकता नाही असा. ‘माया’ म्हणजेही निव्वळ भ्रम नव्हे. जे असण्याची गरज नव्हती ते असावे अशी देवाची सृजनशक्ती. अशा रीतीने ‘सच्चिदानंद’ हे विशेषणांचे गाठोडे न राहता त्रित्वाचे नाव बनले. १९०१ मध्ये त्यांनी देहधारी शब्दाचे स्तोत्र रचले आणि ख्रिस्ताला ‘नरहरी’ म्हणून संबोधिले. मराठी वाचकाच्या कानी या नावाबरोबर नृसिंहही येतो आणि नरहरी सोनारही येतो. गोरे असते तर त्यांनी येथेच हरकत घेतली असती!

चर्चच्या अधिकाऱ्यांना हा उपक्रम मानवला नाही. पोपचे भारतातील प्रतिनिधी झालेस्की यांचा विरोध झाला आणि कॅथलिकांना उपाध्याय यांचे लेखन वाचण्यास मनाई करण्यात आली. उपाध्याय राजकारणाकडे वळले. १९०४ मध्ये त्यांनी ‘संध्या’ पत्र काढले, १९०७ मध्ये राजद्रोहाचा खटला झाला आणि तो चालू असतानाच ते कलकत्त्याच्या रुग्णालयात निवर्तले. पण त्यांचा शब्द टिकला. १९५० मध्ये तामिळनाडूत मोंशानँ आणि ल सो या फ्रेंच धर्मगुरूंनी स्थापिलेल्या आश्रमाने ‘सच्चिदानंद’ हेच नाव घेतले. १९६२ ते १९६५ या काळातील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपाध्याय यांचे स्तोत्र भारतातील कॅथलिक उपासनेत गायले जाऊ लागले.

७

या वादाचे मूल्यमापन कसे करावे? प्रस्तुत लेखकास असे वाटते की शब्दाच्या इतिहासाविषयी गोरे यांचेच म्हणणे बरोबर आहे. शांकर वेदान्तातील ‘चित्’ म्हणजे पित्याने पुत्राला जाणणे नव्हे, आणि कितीही सौजन्य दाखविले तरी तो अर्थ शंकराचार्यांच्या पदरी बांधता येत नाही. परंतु शब्दाचे भविष्य त्याच्या इतिहासाने पुरते बांधलेले नसते, हे उपाध्याय यांनी ओळखले. ग्रीकांचा ‘लोगोस’ही योहानाने वापरण्यापूर्वी ख्रिस्ती नव्हता. गोरे यांच्यापासून घ्यावयाचा धडा हा की उसन्या शब्दाची किंमत मोजावी लागते. उपाध्याय यांच्यापासून घ्यावयाचा धडा हा की ती मोजण्याचे धैर्य ज्याला नाही, तो आपल्याच घरात पाहुणा होऊन राहतो. गोरे यांच्या इशाऱ्यावाचून उपाध्याय यांचा प्रयोग हा शब्दांचा भाबडा समेट ठरला असता.

मराठीपुरते पाहिले तर आणखी एक बाब दिसते. मराठी ख्रिस्ती लेखनातील जिवंत परंपरेने ‘ब्रह्म’ आणि ‘ईश्वर’ यांच्या वादात फारसा जीव गुंतविला नाही. १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर स्टीफन्सने देवाला ‘बाप’ म्हणून आळविले. नारायण वामन टिळकांनी तुकोबांच्या वाटेने येऊन ख्रिस्ताला माउली म्हटले. रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत केडगावी बसून जे बायबल सिद्ध केले, ते पंडितांसाठी नव्हते, साध्या स्त्रियांना कळावे यासाठी होते. बाप आणि माउली हे शब्द कोणत्याही दर्शनाने परिभाषित केलेले नाहीत. त्यामुळे गोरे यांची हरकत त्यांना लागत नाही आणि उपाध्याय यांच्या खटाटोपाची त्यांना गरज पडत नाही. ते संतांनी आधीच प्रार्थनेत घासून स्वच्छ केलेले होते.

अर्थात यामुळे कलकत्त्यातील वाद निरर्थक ठरत नाही. हाक मारण्याला नाव पुरते. पण आपण कोणाला हाक मारीत आहो, असा प्रश्न कोणी केला तर ‘बाप’ या शब्दाने त्याचे उत्तर संपत नाही. तेथे विचाराला पुन्हा सत् आणि चित् यांच्याशीच झुंजावे लागते. नाम आणि नामी यांत भेद नाही असे आपले संत सांगून गेले. हा अभेद सिद्ध वस्तू म्हणून हाती पडत नाही. प्रत्येक भाषेला तो आपल्या शब्दांनिशी नव्याने मिळवावा लागतो. कलकत्त्यातील या शतकाने तो मिळविण्यासाठी किती कष्ट घ्यावे लागतात, हे दाखविले, आणि त्या कष्टांत एका मराठी नैयायिकाची आणि एका मराठी विदुषीची भागीदारी होती, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात नोंदली गेली पाहिजे.